क्रालचा ताप

डीनने पेन पुढे केलं. "सही करा, फ्राउ ब्रांटहोर्स्ट. उद्यापासून हा ताप तुमच्या नवऱ्याच्या नावाने ओळखला जाईल."

टेबलापलीकडे प्रोफेसर क्राल बसला होता. चेहरा पांढराफटक. लेकरांचे जीव घेणाऱ्या त्या तापाला देशोदेशी त्याचं नाव होतं: क्रालचा ताप. त्या तापाचा जंतू शोधला म्हणून कैसरने दिलेलं पदक आजही त्याच्या छातीवर लटकत होतं. खरं तर शोधला होता त्याच्या हाताखालच्या आन्सेल्म ब्रांटहोर्स्टने.

आन्सेल्म काचेच्या नळीने, तोंडाने ओढून, जंतूंचं पाणी एका बशीतून दुसरीत घालायचा. सगळेच तसं करत. एकदा थेंब घशात गेला. अकराव्या दिवशी तो मेला. क्राल अंत्ययात्रेला आला, आन्सेल्मच्या बायकोचा, ओटिलियेचा, हात दाबला, आणि त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या आन्सेल्मच्या साऱ्या वह्या उचलून घेऊन गेला. चोर निदान रात्रीची वाट बघतो. विद्वानाला तेवढीही लाज नसते.

एक वही मात्र घरी राहिली. जंतू वाढवायला लागणारा मांसाचा रस्सा ओटिलिये स्वतः चुलीवर उकळायची. तेव्हा आन्सेल्म शेजारी बसून जंतूंची चित्रं काढायचा, खाली तारीख घालायचा. क्रालचा निबंध छापून आला त्याच्या सात महिने आधीच्या तारखा होत्या त्या. ती वही घेऊन ओटिलिये दोन वर्षं दारोदार फिरली. एका प्रोफेसरने तर हसत विचारलं होतं, की रस्सा ढवळता ढवळता बाईंना विज्ञान कधी चढलं. ती हटली नाही. तिला एवढंच हवं होतं, त्या तापावरचं क्रालचं नाव खरवडून तिथे आन्सेल्मचं लिहायचं. शेवटी अक्षर तपासलं गेलं. समिती बसली. निकाल तिच्या बाजूने लागला. फक्त तिची सही राहिली होती.

सभेची खोली इस्पितळात वरच्या मजल्यावर. वाट मुलांच्या वॉर्डातून. आज सकाळी ती तिथून आली तेव्हा चौदा खाटा भरलेल्या होत्या. प्रत्येक खाटेला पाटी, पाटीवर रोगाचं नाव. दाराशी एक विणकरीण इवलेसे बूट छातीशी धरून बसली होती. ओटिलिये तिच्याजवळ टेकली. वर पोचायला तिला उशीर झाला.

तिने पेन खाली ठेवलं.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे. पण प्रोफेसरसाहेबांनी सांगितलेलं त्याने उतरवून घेतलं. शोध यांचाच."

कुणी उठायच्या आत तिने वही शेगडीत घातली. डीनने बजावलं, की आता पुन्हा तक्रार ऐकली जाणार नाही. तिने मान डोलावली. बाई विकली गेली, असं कुणीतरी पुटपुटलं.

क्रालने तिला जिन्यात गाठलं. त्याला घाम फुटला होता. त्याने वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. तिचं मन फार मोठं आहे, आन्सेल्मही असाच भला होता, असं बरंच काही बोलला. मग विचारलं, का?

ओटिलियेने हात झग्याला पुसला.

"खाली एका बाईचं पोर पहाटे गेलं. क्राल हे कुणा माणसाचं नाव आहे, हे तिला ठाऊकही नाही. ती म्हणत होती, 'त्या क्रालचा मुडदा बसवला, माझं सोन्यासारखं लेकरू खाल्लं मेल्यानं.' जगात जिथे जिथे पोर मरेल, तिथे त्याची आई हेच म्हणेल, प्रोफेसर. माझ्या आन्सेल्मचं नाव मी त्या आयांच्या तोंडी कशाला घालू? तुमचं तुम्हालाच लखलाभ."