टाकीचं टोपण

विज्ञानात नापास झाल्यापासून नातीचं एकच पालुपद होतं, "मला नाही जमणार." आज घरातल्या आरओच्या नळाला करंगळीएवढीही धार येईना. तिची आई मेकॅनिकला फोन लावणार, तोच आजोबा म्हणाले, "थांब गं, घरात मेकॅनिक आहे की!" आणि त्यांनी नातीला ओट्याखाली बसवलं.

"ही आरओची टाकी उचलून बघ."

"बाप रे, केवढी जड! म्हणजे पाणी तर आहे."

"मग येत का नाही?"

"त्याला ढकलायला कोणी... आजोबा, हवा! इथे सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह आहे. पण याचं टोपण कुठंय?"

"पडलं असेल कुठंतरी. तू पुढचं बघ."

तिने टाकी रिकामी केली, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि टाकी पुन्हा भरेपर्यंत तिथेच ठाण मांडलं. नळ उघडताच धार भांड्यात आदळून तिच्या तोंडावर उडाली. "जमलं! आई, मला जमलं!" ती घरभर नाचत सुटली.

आईने आजोबांच्या खिशातून ते छोटं काळं टोपण अलगद काढलं.

"बाबा, माझ्या वेळी तुम्ही रेडिओची तार काढून ठेवली होतीत, हो ना?"