झिजू न दिलेली टोकं

"आई, तुम्ही बसा," असं म्हणत नर्सने पांढऱ्या केसांच्या ओवीला एकुलती एक खुर्ची दिली. खरी आई, ब्याऐंशी वर्षांच्या मृण्मयी देवस्थळी, चाळिशीच्या चेहऱ्याने शेजारी उभ्या होत्या.

गुणसूत्रांची टोकं झिजून म्हातारपण येऊ नये म्हणून त्या चाळीस वर्षं इंजेक्शन घेत होत्या. ओवीने ते कधीच घेतलं नव्हतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. त्याच औषधाने मृण्मयीबाईंच्या जठरातली एक बिघडलेली पेशीही मरू दिली नव्हती. आता तिची गाठ झाली होती.

"इंजेक्शन थांबवलं तर गाठ सुकेल," डॉक्टर म्हणाले. "पण अडवून ठेवलेलं म्हातारपण वर्षभरात अंगावर येईल."

ओवीने आईचा हात धरला.

"थांबवा," मृण्मयीबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला खुर्ची मला मिळू दे."