एका चार्जमध्ये

"गाडीचं पुढचं अपडेट येऊ दे, रेंज वाढली की एका चार्जमध्ये तुझ्या आईकडे पोचू. वाटेत पिल्लाला घेऊन कशाला ताटकळायचं?" लेक झाल्यापासून नवरा हेच सांगत होता. आईने नातीसाठी विणून पाठवलेला स्वेटर आखूडही झाला. आज भावाचा फोन आला, "ताई, आईचं काही खरं नाही. लगेच निघ." लेकीला उचलून खाली धावले, तर नवरा गाडीपाशी हसत उभा. "आलं एकदाचं अपडेट. आत्ताच सुरू केलंय, होईपर्यंत गाडी हलणार नाही." मी भावाचा निरोप सांगितला. त्याचा चेहरा उतरला. "टॅक्सी बोलावते." "अगं, ती येईपर्यंत होईलच हे." स्क्रीनवरची हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. अखेर गाडी सुरू झाली, तोच भावाचा फोन. नवरा म्हणाला, "सांग, वाटेत कुठेही थांबणार नाही." "ताई," भाऊ म्हणाला, "सावकाश या आता."