पान उपलब्ध नाही

“यातही मी नाही?” म्हाताऱ्याने विचारलं.

“नाही, काका,” ती म्हणाली आणि फोटोंचा पुढचा फोल्डर उघडला.

बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून लोकांचं हरवलेलं बाहेर काढायचं, हे तिचं काम. लोक रडकुंडीला येऊन दुकानात शिरतात, फाइल मिळाली की हसत जातात आणि बॅकअप घ्यायचं पुन्हा विसरतात. हा गृहस्थ तसा नव्हता. लॅपटॉप टेबलावर ठेवतानाच त्याने सगळं सांगून टाकलं होतं. लॅपटॉप मुलीचा. मुलगी दीड महिन्यापूर्वी अपघातात गेली, तिच्या मैत्रिणीने तो पाठवून दिला. बापलेकीत पाच वर्षं बोलणं नव्हतं.

“इंजिनिअरिंग अर्धवट सोडून नाटकात निघाली होती. बॅग घेऊन दारात उभी. मी म्हणालो, तू मला मेलीस.” मग त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला होता. “आता एवढंच बघायचंय, तिने माझं काही ठेवलं होतं का. फोटो, पत्र, काहीही. नसेल तर नसेल.”

‘नसेल तर नसेल’ म्हणणारी माणसं तिने बरीच पाहिली होती. त्यांचाच जीव सगळ्यात जास्त अडकलेला असतो.

डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. दोन दिवस तिची मनधरणी करून सगळं बाहेर काढलं, क्लाउडवरचं होतं तेही नव्या लॅपटॉपवर उतरवलं. चार हजार फोटो निघाले. तालमी, नेपथ्याच्या फळ्या, चहाचे कप, एक लंगडं मांजर निदान पन्नास वेळा. आईचे जुने फोटो स्कॅन करून, तारखा घालून नीट लावलेले. बाप कुठेच नाही. एकेक फोल्डर संपला की म्हातारा खिशातल्या डायरीत नोंद करायचा. ११.२०, नाही. ११.४५, नाही. चौतीस वर्षं तो वेधशाळेत निरीक्षक होता. पारा चढो की उतरो, बघायचं आणि लिहायचं, हाताला दुसरं वळणच नव्हतं. पण आज ते लिहिणं तिला बघवत नव्हतं.

“पत्रं?”

“ईमेलमध्ये तुमच्या नावाने काही नाही.”

“लिहून न पाठवलेलं असेल एखादं?”

“तेही बघितलं, काका.”

त्याने तेही लिहिलं.

आता उरला होता ब्राउझर. साठवलेले पासवर्ड, कुठलं पान कधी उघडलं त्याची यादी. हे सहसा कुणी मागत नाही. ती मात्र घर बदलताना चपलांची फळीसुद्धा न्यावी तसं सगळं हलवून द्यायची. यादी जुन्यापासून सुरू होत होती. तिने सहज नजर टाकली आणि तिचा हात थांबला.

“काका, हा पत्ता कुणाचा?”

त्याने चष्मा सारखा केला. “माझा. म्हणजे, माझं पान होतं ते. निवृत्त झाल्यावर करमेना. अंगणात थर्मामीटर आहे, पाऊस मोजायचं भांडं आहे. साडेसहाला नोंद घ्यायची आणि पानावर टाकायची. तापमान, वारा आणि खाली एक ओळ शेरा. शेजाऱ्याने करून दिलं होतं.”

“तिने ते रोज उघडलंय,” ती म्हणाली. “रोज सकाळी सहा चाळीसला. रविवारीसुद्धा. ही यादी तीन वर्षं मागे जाते, आणि पहिल्या दिवसापासून आहे.”

म्हाताऱ्याने डायरीवर पेन्सिल टेकवली. काय लिहावं ते त्याला सुचेना. तो रडत होता आणि खुळ्यासारखा हसतही होता. तिला वाटलं, हा माणूस लेकीशी बोलत नव्हता म्हणे, आणि रोज सकाळी तिला सांगत होता की आज गारठा आहे, वारा उत्तरेचा आहे.

तिथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण यादी बरीच उरली होती आणि म्हातारा वाचत सुटला होता.

“हे काय?” त्याने बोट ठेवलं. आठ महिन्यांपूर्वीच्या एका तारखेपासून त्याच पत्त्यासमोर ‘पान उपलब्ध नाही’ असं येऊ लागलं होतं.

“तुम्ही पान बंद केलंत ना, ते. तरी ती उघडतच राहिली. शेवटच्या दिवसापर्यंत.”

“आणि दरवेळी त्याच्याखाली आहे ते?”

तिला सांगायचं नव्हतं. पण विचारलंय म्हटल्यावर सांगणं भाग होतं. “आपल्या शहराचं वर्तमानपत्र आहे. त्यातलं निधनवार्तांचं पान. तुमचं पान बंद झाल्यापासून रोज, लगेच पुढच्या मिनिटाला.”

म्हातारा खुर्चीत खचला. तिने पाणी आणून दिलं. त्याने ग्लास नुसता धरून ठेवला, प्यायला नाही.

“बंद कशाला केलंत, काका?” तिच्या तोंडून निघून गेलं. विचारायला नको होतं.

“पानाखाली आकडा यायचा. दिवसभरात किती जणांनी बघितलं त्याचा.”

“मग?”

“रोज एक,” म्हातारा म्हणाला. “मी ती यंत्राची चूक धरली.”