कम्पल्सरी रविवार

वच्छलाचा हिशेब सोपा होता. एक शब्द खर्ची घालायचा, एक रविवार पदरात पाडायचा. शिवाय शेतातल्या मारोतीपुढं चाळीस माणसांच्या पंगतीला कणकेचे रोडगे वळायचे, ते गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात परतत डोळे चोळायचे, यातून सुटका. ती वरकड कमाई.

शब्द तिचा नव्हता. धाकट्या जावेचा, दीपमालाचा होता. दीपमाला शाळेवर मास्तरीण. गेले सहा रविवार सकाळी सातला ती खांद्याला पर्स लावून ओट्यावर यायची आणि म्हणायची, "आई, अमरावतीले ट्रेनिंग आहे. कम्पल्सरी आहे."

पहिल्यांदा सासूनं, सुंदराबाईनं, विचारलं होतं, "म्हंजे काय वं?"

"म्हंजे जावंच लागते. आपल्या मनावर नाई."

म्हातारी बाजूला सरकली होती. मयताला निघालेल्या माणसाला वाट द्यावी, तशी.

वच्छलानं सहाही वेळा नीट पाहून ठेवलं होतं, हा शब्द वापरायचा कसा. आवाज जरा खाली. तोंड जरा उतरलेलं. चपला आधीच पायात. सोळा वर्षं ती या घरात जे करत होती त्यातलं काय तिच्या मनावर होतं? पण त्याला असा शब्द कधी कोणी लावला नव्हता. तिला जावेच्या पगाराचा हेवा नव्हता, ड्रेसांचा नव्हता. ड्रेसांचा थोडा होता. पण जीव जळायचा तो या शब्दापायी.

सातव्या रविवारी, नेमक्या रोडग्यांच्या दिवशी, दीपमाला नेहमीसारखी सातला गेली. आठला वच्छला चपला घालून ओट्यावर आली.

"आई, बचत गटाची मिटिंग आहे अमरावतीले. कम्पल्सरी आहे."

सुंदराबाई कणीक चाळत होती. चाळणी थांबली, पुन्हा सुरू झाली.

"आजच?"

"आपल्या मनावर नाई ना."

"जाय मंग, माय."

मिटिंग कुठली अन् काय. अमरावतीच्या स्टँडवर उतरली तेव्हा हातात आख्खा दिवस होता आणि तो ठेवायचा कुठं हे वच्छलाला कळेना. स्टँडबाहेर गिल्या वड्याची गाडी होती. गाडीजवळच्या बाकावर एक बाई चपला काढून, मांडी घालून, दह्यातला वडा सावकाश खात होती. ती दीपमाला होती.

वच्छलानं आधी जावेच्या आजूबाजूला पाहिलं. एखादा गडीमाणूस असता तर तिचं अर्धं दुखणं तिथंच बरं झालं असतं. कोणी नव्हतं.

"हे ट्रेनिंग काय वं?"

दीपमालाचा घास अडकला नाही. "अन् हा बचत गट काय, ताई?"

वच्छला बाकावर बसली. "खरी ट्रेनिंग कितीक झाली?"

"पयली तेवढी."

म्हणजे आजचा सोडून पाच रविवार. वच्छलाच्या डोळ्यांपुढं पाच रविवारांची खरकटी भांडी उभी राहिली.

"अन् इथं बसून काय करतं तू?"

"काईच नाई."

हे मात्र आत लागलं. लफडं असतं तर वच्छलानं एकवेळ पोटात घातलं असतं. काहीच नाही, आणि तेही पाच रविवार!

"पुढचे पाच रविवार माहे," ती म्हणाली. "तू घरी राह्यशीन."

"दोन."

"आईले सांगीन."

"सांगा. मी बी सांगीन."

तीनवर मिटलं. दीपमालानं वडे मागवले. वच्छलानं तीन प्लेटी खाल्ल्या, तिसरी निव्वळ वसुलीसाठी.

चारला दोघी एकाच बसनं शेतात पोचल्या, वाटेत भेट झाली असं सांगायचं ठरवून. पंगती उठून गेल्या होत्या. बाप्ये लिंबाखाली आडवे झाले होते. सुंदराबाई विझल्या आराजवळ बसली होती, कोपरापर्यंत राखेनं माखलेली. पुढ्यात तीन पत्रावळी मांडलेल्या.

"या. बसा."

"तुमी जेवल्या नाई, आई?"

"सुना कम्पल्सरी कामावर," म्हातारी सरळ मनानं म्हणाली. "तुमच्याबिगर मी कशी जेवू?"

वच्छलाच्या गळ्याशी वडे आले होते. तिनं मांडी घातली.

सुंदराबाईनं रोडगे फोडून वाढले, वरण वाढलं, तुपाचा गडवा उचलला. आधी दीपमालाच्या पानात धार धरली. वच्छलाच्या पोटात घासाला जागा नव्हती, तरी डोळ्यांनी ती धार मापली. मग तिच्या पानात. तेवढीच पडली, कदाचित बोटभर जास्तच. वच्छलाचा जीव खाली बसला.

मग म्हातारीनं गडवा स्वतःच्या पानावर उलटा केला. बुडावर दोनदा थापटलं. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"चालते," ती म्हणाली, आणि कोरडा रोडगा वरणात कुस्करू लागली.