शिल्लक वायसर

आपल्या जुन्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचं हब मिस्त्रींनी तिसऱ्यांदा उघडून जोडलं. बेअरिंग ठोकून बसवलं, सीलला ग्रीस लावून ते अंगठ्याने दाबलं आणि सुटे भाग ठेवलेल्या ताटलीत पाहिलं, तर आजही एक वायसर शिल्लक! म्हणजे पुन्हा काहीतरी बसवायचं विसरलंच. वडीलही असेच विसरत विसरत शेवटी घरच्यांना ओळखेनासे झाले होते.

"अगं, उद्या डॉक्टरकडे जाऊ," ते कसेबसे म्हणाले. "देवानं माझी बुद्धी परत मागितलीय बहुतेक."

बायकोच्या डोळ्यांना धार लागली.

"नाही हो, डोकं जागेवर आहे तुमचं. तो जास्तीचा वायसर रोज मीच टाकते ताटलीत. चाक बसलं की तुम्ही गाडी घेऊन निघाल, आणि मागच्या वेळी गाडीवरून पडलात तेव्हा तुम्हाला चौघांनी उचलून आणलं होतं."