पाणी आणायला

खुनांवरच्या एका चित्रपटमालिकेच्या तिसऱ्या भागाचं शूटिंग पातूरजवळच्या एका गावात सुरू होतं. बातमीसाठी काहीही करणाऱ्या पत्रकाराच्या भूमिकेत याही वेळी नीलमच होती. अकोल्याच्या एका खऱ्या बातमीदाराकडून ती एक युक्ती शिकून आली होती. "मयतीच्या घरी पहिले पानी मांगाचं, मॅडम. माय आत गेली का भिंतीवरचा फोटो आपला." दिग्दर्शकाने ती युक्ती लगेच सीनमध्ये घातली.

मेलेल्या मुलीच्या आईच्या कामासाठी गावातल्या मनकर्णाबाईंना रोजानं आणलं होतं. पाणी मागितलं की उठून आत जायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

कॅमेरा सुरू झाला.

"मावशी, थोडं पाणी मिळेल का?" नीलम म्हणाली.

मनकर्णाबाई उठल्या. त्यांनी भिंतीवरचा फोटो काढला, पदराखाली धरला आणि मगच आत गेल्या.

"कट. मावशी, फोटो कशाला नेला? तो आमच्या मेकअपवाल्या मुलीचा आहे," दिग्दर्शक म्हणाला.

त्या गिलास घेऊन बाहेर आल्या. फोटो अजून पदराखालीच होता.

"मांगं बी मी अशीच पानी आनाले गेली होती, बाई," त्या नीलमला म्हणाल्या. "माह्या पोरीचा एकच फोटो होता."